उल्हासकाठचे कल्याण आणि आपण



गेल्या वर्षी आठवीच्या वर्गाला मी 'माझे गाव' या विषयावर दीड पान लिहून आणावयास सांगितले होते. वह्या तपासताना एका वहीपाशी माझी लाल पेन्सिल थांबली. दूधनाक्याकडे राहणाऱ्या एका हुशार मुलाने लिहिले होते, "कल्याण हे ऐतिहासिक शहर आहे. तो इतिहास इतर लोकांचा आहे. आम्ही बाहेरून आलेले आहोत." शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. गुण द्यावेत तरी किती, हे मला कळेना.

दुसऱ्या दिवशी त्याला जवळ बोलावून विचारले, "बाळ, तुम्ही बाहेरून आलात, म्हणजे कधी आलात?" त्याला सांगता येईना. अब्बांचा जन्म इथला. दादांचा इथला. दादांच्या दादांची कबर इथेच आहे, असे घरी सांगतात. "मग बाहेरून कोण आले?" तो गप्प राहिला आणि मग म्हणाला, "सर, पुस्तकात आमचे कोणी नाही ना, म्हणून."

त्या मुलाला वर्गात पाच मिनिटांत उत्तर देणे मला जमले नाही. स्मरणिकेच्या संपादकांनी लेख मागितला, तेव्हा ते राहिलेले उत्तर इथे द्यावे असे ठरविले. मी काही संशोधक नाही. शाळेत इतिहास-भूगोल शिकविणारा साधा शिक्षक आहे. परंतु छापील आणि सर्वमान्य साधनांतून जे मिळते, तेवढ्यानेही या मुलाच्या वाक्याचा फेरविचार करावा लागतो.

सुरुवात नदीपासून केली पाहिजे, कारण नदी नसती तर कल्याण नसते. राजमाचीच्या डोंगरात उगम पावलेली उल्हास नदी कर्जत, नेरळ, बदलापूर करीत आपल्यापर्यंत येते. वाटेत तिला बारवी मिळते, आणि आपल्या परिसरात काळू, भातसा तिला येऊन मिळतात. पुढे ती वसईच्या बाजूने समुद्राला जाते. कल्याणला मात्र आपण तिला सहसा नदी म्हणतच नाही, 'खाडी' म्हणतो. तेही खरेच आहे. समुद्राचे भरतीचे पाणी आपल्या दारापर्यंत येते. इतिहासाच्या दृष्टीने सारे मर्म इथे आहे. आगगाडी नव्हती, डांबरी सडक नव्हती, त्या काळी भरतीबरोबर गलबत आत यावयाचे आणि ओहोटीबरोबर बाहेर पडावयाचे. समुद्रापासून इतक्या आत, वादळवाऱ्यापासून सुरक्षित, आणि पाठीशी घाटाच्या वाटा. नाणेघाट चढला की जुन्नर, तेथून पुढे पैठण. थळघाटाने नाशिक, बोरघाटाने पुणे. घाटावरचा माल बैलाच्या पाठीवरून खाली उतरावा आणि समुद्राचा माल गलबतातून वर यावा, आणि दोघांची गाठ जिथे पडावी, ते कल्याण. अशा ठिकाणी एकाच जातीची, एकाच धर्माची वस्ती राहणे शक्यच नसते. बंदराला परक्या माणसाचे वावडे असून चालत नाही.

आता जुन्या लेखांकडे वळू. कान्हेरीच्या लेण्यांत ज्यांनी पाण्याची टाकी खोदविली, खोल्या दिल्या, त्या दात्यांत कल्याणच्या रहिवाशांची नावे कोरलेली आहेत. त्यांत व्यापारी आहेत. खुद्द कल्याणमध्ये 'अंबालिका विहार' नावाचा बौद्ध विहार होता, असेही तेथील एक लेख सांगतो. जुन्नरच्या लेण्यांतही कल्याणच्या एका सोनाराचे दान आहे. घाट चढून जाऊन दान देणारा सोनार म्हणजे त्याची गिऱ्हाइके कुठवर होती, याची कल्पना करावी. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक दर्यावर्दीने 'पेरिप्लस' नावाचा प्रवासग्रंथ लिहिला. त्यात 'कल्लिएना' हे बंदर येते. पूर्वी येथे व्यापार रीतसर चाले, पण आता सत्ता पालटल्यापासून तेथे गेलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जातात, अशी त्याची तक्रार आहे. दोन हजार वर्षांपूर्वीही जकातीवरून आणि बंदरांच्या चढाओढीवरून भांडणे होतीच!

सहाव्या शतकात कॉस्मस नावाचा एक ख्रिस्ती प्रवासी 'कल्लियाना'विषयी लिहितो. इथून पितळ, शिसवी लाकूड आणि कापड बाहेर जाते, आणि इथे ख्रिस्ती लोकांची वस्ती असून त्यांचा बिशप इराणातून नेमला जातो, असे तो सांगतो. त्याने लिहिलेले हे बंदर म्हणजे आपलेच कल्याण, असे बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे पैगंबर साहेबांच्या (स.) जन्माच्या सुमारास या खाडीकाठी बौद्ध विहाराची परंपरा होती, इराणशी संबंध असलेले ख्रिस्ती होते, आणि अर्थातच खाडीत जाळी टाकणारे कोळी आणि खाजणात मीठ व भात पिकविणारे आगरी होते. 'मूळचे' हा शब्द कोणाला वापरावयाचाच असेल, तर पहिला मान या दोघांचा आहे. बाकी आपण सारे कमीअधिक उशिराने आलेले. हे म्हणण्यात कोणाला कमीपणा वाटू नये.

मग आपले पूर्वज? इथे मला त्या मुलाला दोन गोष्टी दाखवावयाच्या आहेत.

पहिली गोष्ट मसूदीची. अबुल हसन अल्-मसूदी हा बगदादचा थोर इतिहासकार. तो सुमारे सन ९१६ मध्ये चौलला आला. चौल म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातले अलिबागजवळचे बंदर. तेथे त्याला सुमारे दहा हजार मुसलमान राहताना आढळले. सिराफ, ओमान, बसरा, बगदाद इथून आलेले तर होतेच, पण याच भूमीत जन्मलेल्या मुसलमानांचाही तो वेगळा उल्लेख करतो. त्यांचे आपापसांतले तंटे सोडविण्यासाठी त्यांच्यातलाच एक प्रमुख राजा नेमीत असे, त्याला 'हुनरमन' म्हणत. राजा शिलाहार घराण्यातला हिंदू. पालकहो, यातले सन पुन्हा वाचा. दिल्लीला सुलतानशाही येण्याच्या जवळजवळ तीनशे वर्षे आधीची ही हकीकत आहे. कोकणच्या किनाऱ्यावर इस्लाम आला तो प्रथम घोड्यावर बसून नव्हे, तर होडीत बसून, खजूर-घोडे विकावयास आणि कापड-लाकूड विकत घ्यावयास. ज्या मुलाने 'बाहेरून आलो' असे लिहिले, त्याच्या मनात बहुधा घोडेस्वारांचे चित्र असावे. चित्रपट आणि पाठ्यपुस्तकातली चित्रे यांनी ते पक्के केले आहे.

दुसरी गोष्ट मला फार आवडते, आणि ती फारशी कोणाला ठाऊक नसते याचे वाईट वाटते. जुन्या ठाणे जिल्ह्यात, आज पालघर जिल्ह्यात, चिंचणी नावाचे गाव आहे. तेथे काही ताम्रपट सापडले. त्यांपैकी एक शके ८४८, म्हणजे सन ९२६ चा, राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या वेळचा आहे. त्यावरून कळते की राष्ट्रकूटांनी संजाणच्या मुलखावर एका 'ताजिक' माणसाला अधिकारी नेमले होते. ताजिक म्हणजे अरब. त्याचे नाव संस्कृतात 'मधुमती' असे लिहिले आहे. अभ्यासकांनी ओळखले की हा 'मुहम्मद' आहे! संस्कृत लिहिणाऱ्याच्या कानाला 'मुहम्मद' जसे ऐकू आले, तसे त्याने मधुर करून टाकले.

या मुहम्मदाने काय केले? नद्या ओलांडावयास मोफत नावांची सोय केली. वाटसरूंसाठी अन्नछत्र उघडले. तेथे भात, कालवण आणि तूप मिळे. आणि भगवती देवीच्या मठिकेसाठी एका ब्राह्मणाला जमीन देण्याच्या कामी साह्य केले. हजार वर्षांपूर्वीचा मुसलमान अधिकारी, हिंदू राजाचा चाकर, देवीच्या मठाला जमीन आणि सर्व जातींच्या वाटसरूंना होडी. हे कोणा आधुनिक समाजसुधारकाने रचलेले भाषण नाही. तांब्याच्या पत्र्यावर कोरलेला सरकारी दस्तऐवज आहे. संजाण कल्याणपासून दूर, हे मान्य. पण तो सारा उत्तर कोकण एकाच किनाऱ्याचा, एकाच व्यापाराचा मुलूख होता.

याच काळाच्या मागेपुढे, सन १०६० मध्ये, आपल्याच वालधुनी नदीकाठी अंबरनाथचे शिवालय शिलाहार राजा मुम्मुणीच्या काळात उभे राहिले. सहलीला आपण तेथे दरवर्षी जातो. पुढच्या वेळी मुलांनी हेही लक्षात ठेवावे की ते शिल्प घडत होते तेव्हा चौल-ठाण्याच्या बंदरांत मशिदी होत्या आणि त्याच घराण्याचे राज्य होते.

पुढची तीन-चार शतके मी भराभर सांगतो. यादव गेले, सुलतान आले, गुजरात आणि अहमदनगर यांच्या ओढाताणीत हा मुलूख सापडला, पोर्तुगीजांनी वसईहून येऊन त्रास दिला. १६३६ च्या तहाने निजामशाही बुडाली आणि कल्याणचा प्रांत विजापूरच्या आदिलशाहीकडे गेला. तो मुल्ला अहमद या दरबारी सरदाराच्या ताब्यात होता. मुल्ला अहमद नवायत, म्हणजे अरबी वंशाच्या कोकणी-दख्खनी घराण्यातला. आपल्यापैकी कित्येक घराणी ज्या समाजात स्वतःची गणना करतात, तोच हा समाज.

२४ ऑक्टोबर १६५७ या दिवशी शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली. इथे आपण थोडे थांबू.

कल्याण म्हटले की महाराष्ट्रात प्रत्येकाला एकच गोष्ट आठवते : कल्याणच्या सुभेदाराची सून, आणि महाराजांनी तिला मातेप्रमाणे मान देऊन परत पाठविले. कीर्तनांत, पोवाड्यांत, कॅलेंडरवर, शाळेच्या स्नेहसंमेलनात आपण ती पाहतो. समकालीन कागदपत्रांत या प्रसंगाला आधार सापडत नाही, असे इतिहासकारांचे मत आहे. पण म्हणून मी ती गोष्ट वर्गात टाळत नाही. कारण गोष्टीचा आशय खरा होता, याची साक्ष शत्रूनेच दिली आहे. मोगलांचा इतिहासकार खाफीखान महाराजांवर कठोर टीका करणारा; तरी त्यानेही लिहून ठेवले की मशीद, कुराण आणि स्त्रिया यांना उपद्रव होऊ नये असा त्यांचा नियम होता, आणि हाती आलेली कुराणाची प्रत ते आपल्या मुसलमान माणसांच्या स्वाधीन करीत.

माझी अडचण वेगळी आहे. त्या गोष्टीत मुसलमान येतो तो फक्त हरलेला सुभेदार म्हणून. वर्गातला आमचा मुलगा ती ऐकतो, टाळ्या वाजवितो आणि मनात स्वतःला हरलेल्यांच्या बाजूला नेऊन बसवितो. म्हणून मी त्याच्या जोडीला कल्याणची दुसरी हकीकत सांगतो, आणि तिला पोर्तुगीजांच्या पत्रांचा पक्का आधार आहे. कल्याण हाती येताच महाराजांनी याच खाडीत लढाऊ जहाजे बांधावयास घेतली. मराठी आरमाराचा जन्म आपल्या दुर्गाडीच्या पायथ्याच्या पाण्यात झाला. जहाजबांधणीसाठी महाराजांनी रुई लेतांव व्हियेगस या पोर्तुगीज कारागिराला त्याच्या तीनशेच्या वर माणसांसह कामाला ठेवले होते. ही जहाजे उद्या आपल्यावरच चालून येतील, हे पोर्तुगीजांच्या लक्षात आले, आणि १६५९ मध्ये त्यांनी वसईच्या कप्तानामार्फत आपली माणसे गुपचूप परत बोलावून घेतली. आरमाराचे काम त्यामुळे थांबले नाही. आणि त्या आरमाराचे पुढारी कोण झाले? भंडारी समाजाचा मायनाक, आणि त्याच्या जोडीला दर्यासारंग व दौलतखान हे मुसलमान. १६७९ मध्ये खांदेरीच्या पाण्यात इंग्रज आणि जंजिऱ्याचा सिद्दी या दोघांशी झुंज दिली, तिच्यात दौलतखान होता. सिद्दी मुसलमान, दौलतखानही मुसलमान. कोण कोणाच्या बाजूने लढला हे धर्मावरून ठरत नव्हते, नोकरी आणि निष्ठा यांवरून ठरत होते. विद्यार्थी मित्रांनो, 'दौलतखान' हे नाव आपल्या वहीत मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.

ज्या दुर्गाडीखाली हे घडले, तिच्यावर देवीचे मंदिर आहे आणि ईदगाहही आहे. नवरात्रात तेथे जत्रा भरते. ईदच्या नमाजासाठी आपले वाडवडील तेथे जात आले. त्या जागेच्या मालकीचा दावा १९७६ पासून न्यायालयात होता आणि डिसेंबर २०२४ मध्ये दिवाणी न्यायालयाने आपल्या बाजूच्या न्यासाचा दावा फेटाळला. त्या निकालाविषयी लिहिणे माझे काम नाही; ते कायदा जाणणाऱ्यांचे. इतकेच सांगतो की टेकडी कोणाच्या नावावर आहे हा एक प्रश्न, आणि तिचा इतिहास कोणाचा आहे हा दुसरा. पहिल्याचा निकाल सातबाऱ्यावर आणि न्यायालयात लागतो. दुसऱ्यासाठी आपल्याला कोणाचीही परवानगी लागत नाही.

महाराजांनंतर पुन्हा मोगल आले. औरंगजेबाच्या काळात कल्याणचा फौजदार मातबरखान हाही नवायतच. त्यानंतर अठराव्या शतकात पेशवाईचा अंमल बसला; सुभेदार रामाजी महादेव बिवलकरांचा वाडा आजही 'सुभेदारवाडा' म्हणून ओळखला जातो. १७८० मध्ये इंग्रजांनी कल्याण घेतले. राज्ये बदलली तरी भाताची गलबते येत राहिली, आणि पारनाका, बाजारपेठ, रेतीबंदर ही नावे आपापल्या जागी राहिली. श्रीमलंग अथवा हाजी मलंग या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या गडावरच्या बाबांच्या दर्ग्याची वहिवाट तर केतकर या ब्राह्मण घराण्याकडे चालत आली. त्यावरही आता वाद आहेत. पण पिढ्यानपिढ्या तेथे चादर आणि आरती दोन्ही चालत आले, हे वादामुळे खोटे ठरत नाही.

१ मे १८५४ रोजी आगगाडी कल्याणला पोहोचली. आदल्याच वर्षी, १६ एप्रिल १८५३ रोजी, ती बोरीबंदरहून ठाण्याला आली होती. हा दिवस कल्याणच्या आयुष्यातला सर्वांत मोठा, असे माझे मत आहे. तोवर शहराचे तोंड खाडीकडे होते; त्या दिवसापासून ते हळूहळू स्टेशनकडे वळले. दोन्ही घाटांचे रेल्वेमार्ग इथेच फुटले, त्यामुळे कल्याण बंदराचे जंक्शन झाले. ज्या घराण्यांचा चरितार्थ गलबतांवर होता त्यांना हा फटका होता, आणि त्यांत आपली कोकणी मुसलमान घराणी पुष्कळ होती. कोणी मुंबईच्या गोदीत गेले, कोणी आगबोटीवर खलाशी झाले, कोणी भाताच्या व्यापारात टिकले. ज्यांनी मुलांना वेळीच शाळेत घातले ते रेल्वेत आणि कचेरीत शिरले. ज्यांनी घातले नाही, त्यांच्या पुढच्या पिढ्या मागे पडल्या. याबद्दल कोणाला दोष देता येणार नाही, निदान आपल्याशिवाय.

आणि त्याच कल्याणात ३१ मार्च १८६५ रोजी आनंदीबाई जोशी जन्मल्या. नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी झालेले मूल दहा दिवसांत गेले. त्या दुःखातून वैद्यकी शिकण्याचा निश्चय, १८८३ मध्ये अमेरिकेचा सागरी प्रवास, १८८६ मध्ये डॉक्टरची पदवी, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बावीस वर्षेही पुरी झालेली नसताना, क्षयाने मृत्यू. 'ती ब्राह्मणांची मुलगी, आपला काय संबंध', असे आपल्या एखाद्या विद्यार्थिनीने म्हणू नये. ती आपल्या गावची मुलगी. तिलाही समुद्र ओलांडण्याबद्दल स्वजातीयांनी कमी बोल लावले नाहीत. आपल्याकडे याच काळात, १८७४ मध्ये, मुंबईला बदरुद्दीन तय्यबजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंजुमन-ए-इस्लाम काढली, आणि त्यांनाही घरच्यांचेच टोमणे ऐकावे लागले. नववीतून मुलीचा दाखला काढून नेणारे पालक आजही माझ्यासमोर येतात. तेव्हा मी त्यांना खुर्ची देतो आणि पारनाक्याची ही गोष्ट सांगतो. सगळे ऐकत नाहीत. दोघांनी ऐकले आहे.

मग १९४७ साल आले. महायुद्धाच्या वेळी कल्याणजवळ लष्करी छावण्या बांधल्या होत्या. त्या रिकाम्या बराकींत सिंधमधून उखडून आलेले सुमारे लाखभर निर्वासित येऊन राहिले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या छावण्यांचे नगर झाले आणि त्याला नाव दिले गेले उल्हासनगर. सिंधू सोडून आलेल्या माणसांच्या नगराला आपल्या नदीचे नाव मिळाले, ही मला फार सुंदर गोष्ट वाटते. त्याच दिवसांत उलट्या दिशेने आपल्यातली काही कोकणी घराणी कराचीला गेली. ती तेथे 'कोकणी' म्हणूनच ओळखली जातात. नदीकाठ सुटला तरी नाव सुटत नाही, असे दिसते.

सगळे गोडच होते, असे मी सांगितले तर मुले मला खोटे ठरवतील, कारण घरची माणसे त्यांना सारे सांगतात. खाडीपलीकडे भिवंडीत १९७० आणि १९८४ मध्ये दंगली झाल्या. १९७० च्या दंगलीची चौकशी न्यायमूर्ती मादन यांच्या आयोगाने केली आणि त्याचा अहवाल कित्येक खंडांचा झाला. त्या रात्रींतून गेलेली माणसे अजून आपल्यात आहेत. हजार वर्षांची शेजारवस्ती एका आठवड्यात भाजून निघते, हाही इतिहासच आहे, आणि मी तो वरच्या वर्गात शिकवतो. पण आठवडा आणि हजार वर्षे यांचे माप सारखे धरू नये, एवढीच विनंती.

आता नदीकडे परत येतो. १ ऑक्टोबर १९८३ रोजी कल्याणची महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत कल्याण-डोंबिवलीची लोकसंख्या बारा लाख सत्तेचाळीस हजारांवर होती. एवढी माणसे, आणि वरची बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगरची निराळीच. पिण्याचे पाणी आपण याच उल्हासचे उचलतो आणि सांडपाणीही तिच्यातच सोडतो. वालधुनीचे तर गटार झाले आहे. नदीवर जलपर्णीचा हिरवा गालिचा पसरलेला मुलांनी पाहिला असेल. २६ जुलै २००५ ला हीच नदी घराघरांत शिरली. जुलै २०१९ मध्ये बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली आणि हजारावर प्रवासी बोटींनी बाहेर काढावे लागले. पाणी चढले तेव्हा कोणाच्या जिन्यावर कोण बसले आणि कोणाच्या गच्चीवर कोणाच्या पातेल्यात खिचडी शिजली, हे त्या वस्त्यांतल्या पालकांनीच मुलांना सांगावे. मी सांगितले तर तो पाठ होईल.

भूगोलाच्या तासाला मी एक कोडे घालतो. मावळातली आंध्रा नदी इंद्रायणीला मिळते, इंद्रायणी भीमेला, आणि भीमा पंढरपूरला जाते. मग मावळाचे पाणी कल्याणच्या नळाला कसे येते? उत्तर असे की १९२२ मध्ये टाटांच्या वीज कंपनीने आंध्रा नदीवर ठोकरवाडीचे धरण पुरे केले. ते पाणी डोंगरातून नळांनी खाली भिवपुरीच्या वीजघरात आणले जाते, आणि वीज करून झाल्यावर ते उल्हास नदीत सोडले जाते. म्हणून उन्हाळ्यातही आपल्या नदीला पाणी असते. जे पाणी चंद्रभागेला जावयाचे, ते आपल्या मशिदीच्या हौदात वजूला येते. मुले या कोड्यावर दरवर्षी हसतात आणि विसरत नाहीत.

पालकांकडे माझे एक मागणे आहे. आपल्या पेट्यांत जुने कागद असतील : पणजोबांचे जहाजावरच्या नोकरीचे पुस्तक, भाताच्या वखारीच्या पावत्या, मोडीतले खरेदीखत, फारसी किंवा उर्दूतला निकाहनामा. वाळवी लागण्याआधी ते एकदा मुलांना उलगडून दाखवा. मोडी वाचता येत नसेल तर वाचून देणारी माणसे या शहरात आहेत. शाळेत आणलेत तर छायाचित्र काढून मूळ कागद त्याच दिवशी परत देण्याची जबाबदारी माझी.

त्या दूधनाक्याच्या मुलाला मी तोच निबंध पुन्हा लिहावयास सांगितला. आठ दिवस तो आला नाही. नवव्या दिवशी वही घेऊन आला. दादीला विचारून लिहिले म्हणाला. त्याच्या खापरपणजोबांचे एक गलबत होते, ते वसईहून भरतीबरोबर कल्याणला यावयाचे. दादीने त्याला शब्दही सांगितले होते : मोठ्या भरतीचे दिवस म्हणजे उधाण, आणि पाणी कमी चढते ते दिवस म्हणजे भांग. भांगाच्या दिवसांत गलबत भरून आणीत नसत, ते गाळात रुतते म्हणून. निबंध पाऊण पानाचाच होता आणि शुद्धलेखनाच्या चार चुका होत्या. शेवटी त्याने विचारले, "सर, खांदेरीला जायला बोट कुठून मिळते?"